बजेटमधले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: घेण्याआधी तपासायचं तरी काय?

चष्मिश:
मंडळी, डोकं उठलंय म्हणून धागा काढतोय.

घरून काम करतो. डोक्यावर पंखा, भिंतीपलीकडे कुणाचं तरी ड्रिल आणि याच खोलीत धाकटा भाऊ दिवसभर फोनवर. गेल्या वेळी घाईघाईत एक हेडफोन मागवला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'नॉइज कॅन्सलेशन'. कानाला लावला तर पंखा जसाच्या तसा घरघरतोय. मग खोक्यातली घडीची पुस्तिका उलगडली, तेव्हा कळलं की हे 'ईएनसी' आहे, 'एएनसी' (अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे आपल्या कानापर्यंत येणारा गोंगाट कमी करणारं) नव्हे. म्हणजे माझ्या खोलीतला गोंगाट फोनवरच्या समोरच्या माणसाला कमी ऐकू जाणार. त्याचं भलं झालं, मी होतो तिथेच.

या वेळी कान पूर्ण झाकणारा, डोक्यावरून घ्यायचा हवाय. बजेट कमीच आहे, वाढणार नाही. यादीत सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन, साउंडकोर स्पेस वन आणि वनमोअर सोनोफ्लो. परीक्षणं इतकी पाहिली की आता तिन्ही घ्यावेसे वाटतात आणि एकही घ्यावासा वाटत नाही. कुणी ४० डेसिबल म्हणतो, कुणी ५० तास म्हणतो, कुणी एलडीएसी. यातलं माझ्या कामाचं काय? आणि हो, जाड काड्यांचा चष्मा आहे, तो उतरवला तर स्क्रीनच दिसत नाही.

टाचणी:
रुमाल टाकून ठेवते. मलाही घ्यायचाय.

जुना_भिडू:
ईएनसीच्या फासात मीही एकदा पाय दिलाय, त्यामुळे हसत नाही. खोक्यावर 'अॅक्टिव्ह' हा शब्द शोधायचा. तो नसेल आणि 'ईएनसी', 'सीव्हीसी' किंवा 'क्लिअर कॉल' असं काही लिहिलं असेल, तर ती सोय तुमच्या कानांसाठी नाही, माइकसाठी आहे.

आता डेसिबल. तुमची सगळी निवड यावरच अडलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एएनसीची कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग यांना १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. तिच्या नेमकी उलटी लाट सोडली की दोन्ही एकमेकींना खातात. कागदावर अगदी सोपं. गोची वेळेची आहे. बाहेरच्या माइकने आवाज टिपायचा, चिपने उलटा करायचा, स्पीकरने सोडायचा, आणि हे सगळं मूळ लाट कानाच्या पडद्याशी पोचायच्या आत.

समजा उलटी लाट अगदी परफेक्ट आहे, फक्त सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढी उशिरा आली. गणित करून पाहा. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० लाटांच्या, घरघरीपैकी साधारण ६ टक्के दाब उरतो, म्हणजे जवळपास शांतता. १००० हर्ट्झला ६२ टक्के उरतो, फरक जेमतेम. आणि ३००० हर्ट्झला? मूळच्या दीडपटीहून जास्त! घालवायला गेलात आणि वाढवून बसलात. म्हणून कंपन्या साधारण हजार हर्ट्झच्या वर हे प्रकरण फार ताणत नाहीत. तिथून पुढचं काम गादीचं. कानाभोवतीचा फोम जेवढं अडवेल तेवढंच अडणार.

'४० डेसिबलपर्यंत' मधला 'पर्यंत' हा शब्द पकडा. २० डेसिबल कमी म्हणजे दाब दहावा हिस्सा, ४० म्हणजे शंभरावा. हा आकडा एखाद्या अरुंद पट्ट्यातल्या सर्वांत चांगल्या बिंदूचा असतो आणि तो मोजताना हेडफोन कृत्रिम डोक्यावर नीट बसवलेला असतो. त्या डोक्याला चष्मा नसतो.

ध्वनिवेडा:
भिडूंनी छान लिहिलंय, पण आवाजाच्या दर्जाचं काय? नुसती शांतताच हवी असेल तर कानात बोळे घाला की. ब्लूटूथवरून आवाज आवळून पाठवायच्या पद्धती असतात, त्यांना कोडेक म्हणतात. तुमच्या यादीतल्या सोनीत एलडीएसी हा कोडेक नाही, एसबीसी आणि एएसी या साध्या कोडेकवर भागवावं लागतं. गंमत म्हणजे एलडीएसी हे सोनीचंच अपत्य. स्पेस वन आणि सोनोफ्लो दोन्हींत ते आहे. सेकंदाला ९९० किलोबिट (केबीपीएस) कुठे आणि एसबीसीचे तीनशे-सव्वातीनशे कुठे! माझ्या मते सोनी यादीतून बाद.

जुना_भिडू:
@ध्वनिवेडा, पंखा डोक्यावर, ड्रिल भिंतीत, भाऊ फोनवर आणि हा माणूस ९९० केबीपीएस मोजत बसणार?

ध्वनिवेडा:
टिंगल करा. एकदा ऐकलं की फरक कळतो.

बिनतारी:
दोघांच्या मध्ये पडतो. एलडीएसी तीन पायऱ्यांवर चालतं: ३३०, ६६० आणि ९९०. आसपास वायफायची गर्दी झाली की फोन आपणहून खालच्या पायरीवर उतरतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आयफोन असेल तर विषयच संपला, तो एलडीएसी पाठवतच नाही, एएसीवरच राहतो. शिवाय काही मॉडेलमध्ये एलडीएसी चालू केलं की एकाच वेळी दोन उपकरणांना जोडायची सोय, म्हणजे मल्टिपॉइंट, बंद पडते. घरून काम करणाऱ्याला लॅपटॉप आणि फोन दोन्ही लागतात. त्यामुळे चष्मिश यांनी आधी मल्टिपॉइंट नीट चालतं का ते बघावं. लॅपटॉपवर व्हिडिओ चालू असताना फोन वाजला तर हेडफोन आपसूक तिकडे वळतो का? फोन ठेवल्यावर परत येतो का? कमी बजेटमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. पहिलं चालतं, दुसरं नाही.

ध्वनिवेडा यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ आहे असं नाही. फक्त या किमतीत आवाज बिघडतो तो कोडेकमुळे कमी आणि ट्यूनिंगमुळे जास्त. बहुतेक कंपन्या बास फुगवून ठेवतात, गायकाचा गळा त्याखाली दबतो. ॲपमध्ये इक्वलायझर (बास, गळा वगैरे वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) आहे का, आणि त्यातली सेटिंग हेडफोनमध्येच साठते का, हे विचारा. साठत नसेल तर लॅपटॉपला जोडल्यावर पुन्हा तेच ढुमढुम.

ध्वनिवेडा:
इक्वलायझरचं मान्य. बाकीचं नाही.

रात्रपाळी:
माझा अनुभव लिहिते, कारण चष्मिश यांच्या भावाबद्दल कुणी बोलतच नाहीये.

मी रात्री काम करते आणि दिवसा झोपते. घरच्यांच्या बोलण्याचा त्रास होतो म्हणून एएनसी घेतला. पहिल्या दिवशी घातला आणि चकित झाले. फ्रीजची घरघर गेली, एसी गेला, लांबचा रस्ता गेला. आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं? आधीपेक्षा स्पष्ट! कोण कुणाला काय म्हणालं ते शब्दन् शब्द. वाटलं पीस सदोष आहे. बदलून घेतला, दुसराही तसाच. बदलून देताना मदत कक्षातल्या माणसाने सांगितलं, 'मॅडम, चार्ज पूर्ण करून बघा.' केला. बोलणं १०० टक्के चार्जवरही तितकंच स्पष्ट.

जुना_भिडू:
@रात्रपाळी, पीस सदोष नव्हता हो. माणसाच्या आवाजाचा पाया शंभर-दोनशे हर्ट्झच्या आसपास असतो, पण शब्द कळतात ते त्याच्या बरंच वर, एक ते चार हजारांच्या पट्ट्यात. श, ट, क हे तिथलेच, स तर आणखी वरचा. वरचं गणित आठवा, नेमका तोच पट्टा एएनसीच्या हाताबाहेर आहे. आणि आधी तुमच्या एसीची घरघर त्या बोलण्यावर पांघरूण घालत होती. ते पांघरूण एएनसीने ओढून घेतलं.

उपाय एकच. एएनसी चालू ठेवून वर पावसाचा किंवा ब्राउन नॉइजचा (सलग, खर्जातल्या घोंघावण्याचा) आवाज अगदी हळू लावायचा. बोलणं जात नाही, पण शब्द विरतात. शब्द कळेनासे झाले की मेंदू त्यांचा नाद सोडतो.

आणि झोपायला कान झाकणारा हेडफोन घेऊ नका, कुशीवर वळता येत नाही. फोमच्या टोप्यांचे इअरबड बघा.

रात्रपाळी:
पांघरूण ओढून घेतलं! हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोनदा खोकं पॅक करायचं वाचलं असतं. पावसाचा प्रयोग आजच करते.

टाचणी:
माझा प्रश्न. मी दुकानात एक घालून पाहिला तर कान दडपल्यासारखे झाले, लिफ्ट भरकन खाली आल्यावर होतं तसं. थोडं मळमळलंही. हे फक्त मलाच होतं का?

बिनतारी:
तुम्हालाच नाही, बऱ्याच जणांना होतं. खरा दाब वाढलेला नसतो. नेहमी पार्श्वभूमीला असणारा खालचा आवाज एकदम नाहीसा होतो आणि मेंदू त्याचा अर्थ 'कानाच्या आत-बाहेर दाब वेगळा झाला' असा लावतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. काहींना दोन-तीन दिवसांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. तुम्ही एएनसीची तीव्रता कमी-जास्त करता येणारं मॉडेलच घ्या. फक्त चालू आणि बंद एवढंच असेल तर तुमच्यासाठी ते बाद.

उगाच_काहीतरी:
अवांतर: बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानातच सुचली होती ना? विमानाने दिलेला हेडफोन लावला, इंजिनाच्या आवाजात गाणं ऐकू येईना, म्हणून उतरेपर्यंत वहीत गणितं मांडली. सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा त्यांचा क्वाएटकम्फर्ट हेडफोन आला तो थेट २००० साली. मध्ये १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीला प्रदक्षिणा घालणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या वैमानिकांनी बोसचे प्रायोगिक हेडसेट वापरले होते. आपल्याला बजेटमध्ये मिळतं त्यामागे एवढा प्रवास आहे.

जुना_भिडू:
अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. हे यंत्र जन्मालाच इंजिनाच्या घरघरीसाठी आलं. भावाच्या फोनसाठी नाही.

चष्मिश:
भरपूर कळलं, आभार. म्हणजे पंखा जाईल, ड्रिल अर्धवट जाईल, भाऊ राहील. भावाशी बोलून घेतो.

ऑनलाइन मागवतोय, परत करायची मुदत आहे. हातात आल्यावर नेमकं काय करून बघू? फोनवर डेसिबल मोजायचं ॲप आहे, ते चालेल?

जुना_भिडू:
ॲप विसरा. फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला, अगदी खालचे आवाज तो पुष्कळदा गाळूनच टाकतो. आणि फोन गादीच्या आत घालणार तरी कसा? तुमचे कान हेच यंत्र. मी जे करतो ते लिहितो.

खोकं नीट उघडा, प्लास्टिक फाडू नका, सगळं परत घालता आलं पाहिजे. पंखा नेहमीच्या वेगावर, खिडकी नेहमीसारखी. गाणं लावायचं नाही. आधी एएनसी बंद ठेवून घाला आणि मिनिटभर ऐका. एवढ्यानेच किती आवाज कमी होतो ते गादीचं श्रेय. मग चालू करा. आता दोन्ही तळव्यांनी गाद्या डोक्यावर हलकेच दाबा. दाबल्यावर घरघर आणखी कमी झाली तर गादी कुठेतरी उघडी राहतेय, हवा आत येतेय. हीच सगळ्यात मोठी परीक्षा. मग चष्मा काढून तेच, चष्मा घालून तेच. मग जबडा मोठा उघडा, जांभई देतो तसा. जबडा हलला की कानाखाली फट पडते, स्वस्त गाद्यांत लगेच कळते.

मग पंख्याच्या अगदी समोर, वारा थेट कानावर येईल असे उभे राहा. बाहेरच्या माइकवर वारा आदळला की फडफड ऐकू येते, पतंगाची शेपटी वाजते तशी. बाहेर चालायला नेणार असाल तर याला महत्त्व, टेबलाशीच बसणार असाल तर सोडा.

रात्री सगळं निजल्यावर एएनसी चालू करून नुसते बसा. बारीक 'सूंऽऽ' येतं का? थोडं असतंच. पण ते हळू आवाजातल्या गाण्याच्या मागेही ऐकू येत असेल तर परत पाठवा, दोन महिन्यांनी वेड लागेल.

आणि सलग दीड तास घालून काम करा. दुकानातल्या पाच मिनिटांत सगळेच आरामशीर वाटतात. कानाची पाळी आतल्या कापडाला टेकत असेल तर चाळिसाव्या मिनिटाला ठणकायला लागते.

टाचणी:
हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. वाचनखूण साठवली.

कॉलवाला:
एक राहिलं. दिवसभर मीटिंगा असतील तर हे वाचा. लॅपटॉपला ब्लूटूथने जोडून हेडफोनचा माइक चालू केलात की सहसा दोन्ही बाजूंचा आवाज टेलिफोनसारखा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. माइक आणि आवाज एकत्र न्यायचा तर साधारणपणे ब्लूटूथ वेगळ्या प्रोफाइलवर (कॉलसाठीच्या पद्धतीवर) जातं, तिथे सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे नमुने घ्यायचा वेग, १६ किलोहर्ट्झ, जुन्या पद्धतीत ८ च. एलडीएसी असो नाहीतर आणखी काही, मीटिंगमध्ये सगळे एका माळेचे मणी. मी लॅपटॉपचाच माइक निवडतो आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवतो. सेटिंगमध्ये 'हँड्स-फ्री' नावाचं दुसरं उपकरण दिसलं, तर ते निवडायचं नाही.

चष्मिश:
अरे देवा! वर्षभर सहकाऱ्यांना 'तुमचा आवाज विहिरीतून येतोय' म्हणत होतो. विहिरीत मीच होतो.

खिळखिळा:
कुणी बिजागरीबद्दल बोललं नाही. माझा दीड वर्ष चालला, एएनसी उत्तम, बॅटरी उत्तम, आणि एके दिवशी डोक्यावरून काढताना डावी बाजू हातात. जिथे पट्टी आत-बाहेर सरकते तिथे प्लास्टिकला केसासारखी चीर होती, ती वाढत गेली. कंपनीचं नाव घेत नाही. वॉरंटीत 'भौतिक हानी' बसत नाही म्हणाले. सुपरग्लू, मग तांब्याची तार, मग चिकटपट्टी. अजून वापरतोय, पण घराबाहेर नाही.

दोन्ही हातांनी काढायची सवय लावा. एका हाताने ओढलं की सगळा पीळ एकाच बाजूला बसतो. आणि गाद्या बदलता येतात का ते बघा. वरचं नकली चामडं घामाने दीड-दोन वर्षांत पापुद्रे सोडतं, गालावर काळे कण दिसायला लागतात. गादी गेली की एएनसीही गेलं, वर भिडूंनी सांगितलंच आहे.

ध्वनिवेडा:
@खिळखिळा, तांब्याच्या तारेने बास वाढला असेल.

खिळखिळा:
डाव्या कानात वाढला खरा.

बिनतारी:
बॅटरीच्या तासांवर फार वेळ घालवू नका. यादीतला सोनी एएनसी चालू असताना ३५ तास सांगतो, स्पेस वन ४०, सोनोफ्लो ५०. आवाज मोठा ठेवलात तर सगळेच खाली येतात. रोज सहा तास धरले तरी ३५ वाले पाच-सहा दिवस जातात. त्यापेक्षा वजन बघा. सोनी १९२ ग्रॅम, स्पेस वन २६५ च्या आसपास. मान त्या फरकाची आठवण दर संध्याकाळी करून देईल. सोनीची घडी मात्र होत नाही, कप फक्त सपाट वळतात, आणि सोबत पिशवीही नाही. प्रवास करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

बॅटरी संपल्यावर तारेवर चालतो का, तेही विचारा. चालला तरी आवाज बदलतो, कारण आतली चिप झोपलेली असते आणि ट्यूनिंग तीच करत असते.

रात्रपाळी:
कानांचंही लिहा कुणीतरी. माझ्या मते एएनसीचा खरा फायदा तोच. गोंगाटात आपण गाण्याचा आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५. एएनसी घेतल्यापासून माझी व्हॉल्यूमची रेघ निम्म्याच्या खाली आली.

आणि पावसाचा प्रयोग जमला. काल सलग सहा तास झोपले. पाऊस फार जोराचा लावला तर मात्र जाग येऊन खिडक्या बंद करायला उठावंसं वाटतं.

चष्मिश:
धागा वर आणतोय, अहवाल द्यायचा राहिला होता.

दोन मागवले, एक परत केला. कुठला ते सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता, माझ्या डोक्याचा होता. पंखा दोघांनीही सारखाच खाल्ला, म्हणजे चष्म्याशिवाय. चष्मा घातल्यावर पहिल्याची घरघर लगेच परत आली, तळव्यांनी दाबलं की गायब, सोडलं की हजर. त्याची गादी टणक होती, काडीवर पुलासारखी उभी राहायची. बोट घालून पाहिलं, काडीच्या मागे करंगळीचं नख सहज जाईल एवढी फट. दुसऱ्याची गादी मऊ, काडी त्यात रुतून बसते. तोच ठेवला. त्यात एलडीएसी आहे, ध्वनिवेडा खूश होतील. मी अजून चालू केलेलं नाही.

ड्रिलचा दणका कमी झाला, किरकिर राहिली. भावाने गॅलरीत जाऊन बोलायचं कबूल केलंय. तीन दिवस पाळलं.

ध्वनिवेडा:
चालू करा हो, एकदा तरी.

जुना_भिडू:
काड्या किती जाड आहेत? पुढचा चष्मा कराल तेव्हा पातळ, धातूच्या काड्यांचा करा. मग तो परत पाठवलेलाही चालला असता.

चष्मिश:
आत्ताच पट्टी लावून मोजलं, सहा मिलिमीटर. चष्मेवाल्याकडे पुढच्या महिन्यात जायचंय, हेडफोन सोबत घेऊन जातो.